आधी परतीची गाडी विचारा: आईला घेऊन एसटीने कोकण

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीहून तुम्ही आणि अडुसष्ट वर्षांच्या आई, हाताशी आठ दिवस, गाडी नाही आणि दोघींपैकी कुणाला चालवताही येत नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने एसटीने जायचं, रोज नव्या गावी मुक्काम करायचा. हे जमेल का, आणि वेळापत्रक कुठे मिळेल? सुट्टी जानेवारीत किंवा मे महिन्यात मिळेल, असंही तुम्ही लिहिलंय.

कोकण जमेल. तुम्ही आखलंय तसं मात्र नाही जमणार. माझी नोकरीची बरीच वर्षं एसटीत, तालुक्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली, म्हणजे चौकशीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला. मुंबई-पुण्याकडचा पाहुणा खिडकीवर येऊन हमखास विचारतो, "अमुक गावाला गाडी आहे का हो?" गाडी बहुतेक गावांना असतेच. ती कुणासाठी आणि कुठल्या वेळेला सोडली आहे, ते कुणी विचारत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

गावाकडच्या फेऱ्या गावच्या माणसांसाठी आखलेल्या असतात. सकाळी गावातून तालुक्याला यायचं: शाळा-कॉलेज, बँक, दवाखाना, तहसील कचेरी, बाजार. दुपारी किंवा संध्याकाळी परत गावात जायचं. तुमचा दिवस नेमका उलटा असतो. तुम्ही तालुक्याच्या गावी राहणार, नाश्ता करून दहाला समुद्राकडे निघणार आणि सूर्यास्त बघून परत येऊ म्हणणार. सूर्यास्तानंतर किनाऱ्याकडून तालुक्याला येणारी गाडी फार थोड्या ठिकाणी असते.

त्यात वस्तीच्या गाडीचा एक खास गोंधळ आहे. तुम्ही खिडकीवर विचारता, "शेवटची गाडी किती वाजता?" आतला माणूस सांगतो, "साडेसात." तुम्ही निवांत होता. पण ती साडेसातची गाडी तालुक्याहून गावात जाणारी असते, आणि ती वस्तीची असते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात आणि पहाटे पाच-साडेपाचला तीच गाडी गावकऱ्यांना घेऊन निघते. म्हणजे रात्री ती परत येतच नाही. तुमची परतीची शेवटची गाडी साडेपाचलाच निघून गेलेली असते. आतला माणूस खोटं बोललेला नसतो, त्याने विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलेलं असतं.

म्हणून खिडकीवर प्रश्न असा विचारायचा: "तिकडून इकडे यायला शेवटची गाडी किती वाजता, आणि तिच्या आधीची किती वाजता?" आणि दिवस आखायचा तो आधीच्या गाडीवर. शेवटची ही हातची राखून ठेवायची. गाडी बिघडते, ड्रायव्हर आजारी पडतो, घाटात ट्रक आडवा होतो, मग फेरी रद्द होते. आधीची रद्द झाली तर शेवटची उरते. शेवटचीच रद्द झाली तर आईंना घेऊन अंधारात रिक्षा शोधणं आलं.

दुसरी अडचण नकाशाची. किनाऱ्याने सरळ रेघ मारली की अंतरं लहान वाटतात. पण कोकणचा किनारा खाड्यांनी तोडलेला आहे: बाणकोटची खाडी, दाभोळची, जयगडची, आणि पुढे आणखी कितीतरी. एसटीचं जाळं तालुक्याच्या स्टँडभोवती विणलेलं आहे, आणि दोन शेजारच्या तालुक्यांना जोडणाऱ्या गाड्या बऱ्याचदा पूर्वेला महामार्गापर्यंत जाऊन पुन्हा खाली उतरतात. दापोलीहून गुहागरला रस्त्याने जायचं तर खेड-चिपळूण करूनच जावं लागतं.

खाडी ओलांडायला फेरीबोटी आहेत: वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ, वर रायगडात आगरदांडा ते दिघी. बोटीत पायी माणसालाही घेतात, तिकीटही किरकोळ असतं. मोटारवाल्याला हे वरदान आहे, गाडीसकट पलीकडे उतरला की चालू पडला. तुम्ही मात्र हातात पिशव्या घेऊन धक्क्यावर उतरणार, आणि पुढची एसटी बोटीच्या वेळेशी जुळेलच असं नाही. एखाद्या धडधाकट पोराने पाठीवर सॅक टाकून हे खुशाल करावं. आईंना घेऊन, सामानासकट, रोज एक खाडी? मी करू देणार नाही.

तरी बोटीचा आनंद सोडू नका. दापोलीत मुक्काम असताना एक दिवस सामान खोलीवर ठेवून दाभोळची एसटी पकडा. बोटीने धोपाव्याला जा, तिथे चहा घ्या, त्याच बोटीने परत या. काही गाठायचं नसलं की ती बोट फार छान वाटते.

आता मी काय करेन ते सांगतो. आठ ठिकाणांऐवजी तीन ठिकाणी राहीन, आणि सुरुवात सगळ्यात लांबून करून घराकडे येत जाईन. लांबचा पल्ला पहिल्या दिवशी, अंगात दम असताना आणि आरक्षित जागेवर बसून संपवलेला बरा. पुढे काही बिघडलं, आईंना बरं वाटलं नाही, तर तोवर तुम्ही घराच्या जवळ आलेल्या असता.

पहिला मुक्काम मालवण, तीन रात्री. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने कुडाळला उतरा. तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर. ही दिवसाची गाडी आहे, खिडकीतून सगळं कोकण दिसतं. फक्त रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि कोकणच्या गाड्या सुट्टीच्या दिवसांत पहिल्या काही मिनिटांत भरतात, तेव्हा तारीख वहीत लिहून ठेवा. दिव्याहून सुटणारी सावंतवाडी पॅसेंजर तुम्हाला घरापासून जवळ पडेल आणि स्वस्तही. पण ती जवळजवळ प्रत्येक स्टेशनला थांबते, आणि कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी असल्यामुळे क्रॉसिंगला बाजूला उभी राहते. आईंना दिवसभर त्या बाकावर बसवू नका.

मालवणात राहून सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली-देवबाग हे एसटी आणि थोडी रिक्षा यांत आरामात होतं. एक अख्खा दिवस आचऱ्यावरून देवगड-कुणकेश्वरकडे ठेवा, पण त्या दिवशी सकाळी लवकर निघा. वेंगुर्ला हवंच असेल तर मालवणची एक रात्र कमी करून तिकडे द्या, दोन्हीकडे पळापळ करू नका.

दुसरा मुक्काम रत्नागिरी, दोन रात्री. मालवणहून एसटीने कणकवलीला या, तिथून रेल्वे किंवा महामार्गाची एसटी. कणकवलीचं स्टेशन गावाला लागून आहे, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण कोकण रेल्वेच्या नकाशावर स्टेशनला गावाचं नाव असलं म्हणजे गाव तिथे असतंच असं नाही. राजापूर रोड राजापूरपासून चांगलंच लांब आहे, सावंतवाडी रोड मळगावात आहे आणि रत्नागिरीचं स्टेशन शहराबाहेर कुवारबावला. उतरल्यावर पुढे रिक्षा धरून चाला. रत्नागिरीत एसटीचं मध्यवर्ती स्थानक वेगळं आणि रहाटाघरचं स्टँड वेगळं, तेव्हा गणपतीपुळ्याची किंवा पावसची गाडी कुठून सुटते ते लॉजवाल्याला सकाळीच विचारा.

तिसरा मुक्काम दापोली, दोन रात्री. रत्नागिरीहून खेडमार्गे. हर्णैला दापोलीहून गाड्या बऱ्या आहेत, बंदरावरचा मासळीचा लिलाव उतरत्या दुपारी बघा आणि उजेड आहे तोवर परत फिरा. परतीला दापोलीहून मुंबई-ठाण्याकडे थेट एसटी आहेत, किंवा खेडला जाऊन रेल्वे. मी थेट एसटीचं आरक्षण करेन, कारण आठव्या दिवशी सामान चढव-उतरव करायचा कंटाळा येतो.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर यातून गाळलेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती डोंबिवलीहून शनिवार-रविवारी वेगळी होतात. त्यांच्यासाठी या आठ दिवसांतले तीन घालवण्यात अर्थ नाही. गुहागर मलाही आवडतं, पण या वेळी सोडा. दापोलीऐवजी गुहागर केलंत तरी चालेल, मग चिपळूणहून जा-ये करा.

वेळापत्रकाबद्दल. लांब पल्ल्याच्या गाड्या एसटीच्या आरक्षणाच्या साइटवर आणि ॲपवर दिसतात. गावफेऱ्यांच्या पक्क्या वेळा तिथे किंवा मोबाइलच्या नकाशावर मिळतील असा भरवसा धरू नका. कोरोनाच्या आणि २०२१-२२ च्या संपाच्या आधीची वेळापत्रकं अजून नेटवर फिरतात, त्यांच्या भरवशावर निघू नका. स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला फलक असतो, त्याचा फोटो जरूर काढा, पण तो रंगवल्यानंतर भारमान, म्हणजे गाडीतली प्रवाशांची भरती, कमी म्हणून काही फेऱ्या बंद झालेल्या असतात. पोचल्या दिवशी संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, खिडकीवर जा. कागद-पेन घेऊन जा आणि दुसऱ्या दिवशीच्या जायच्या-यायच्या दोन्ही वेळा लिहून घ्या. गाडी फलाटाला लागल्यावर नियंत्रकाचं डोकं दहा जण खात असतात, तेव्हा मिळालेलं उत्तर अर्धवटच असणार.

त्याहून पक्की माहिती कंडक्टरकडे. किनाऱ्याकडे उतरताना त्याला विचारा, "मास्तर, परत तुम्हीच येणार का? किती वाजता?" पुष्कळदा तीच गाडी, तेच दोघे परत येतात, आणि म्हातारं माणूस थांब्यावर उभं राहणार आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं तर फायदाच. थांब्यासमोरच्या चहावाल्याला किंवा किराणावाल्यालाही विचारा. "चारची कालपासून येत नाही" ही बातमी त्याच्याकडे आमच्या आधी पोचलेली असते.

गाडीवरची पाटी नीट वाचायची. गावाच्या नावाइतकंच त्याखालचं "मार्गे" महत्त्वाचं. एकाच गावाला दोन वाटांनी गाड्या जातात आणि एकीला दुप्पट वेळ लागतो. महामार्गाच्या गाडीत बसताना विचारा की ती गावात जाते की बाहेरून. रत्नागिरीत न शिरणाऱ्या गाड्या हातखंब्याच्या तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, उतरवतात आणि तिथून शहर दहा-बारा किलोमीटर आत आहे. मालवणला जाणाऱ्याला कसालच्या तिठ्यावर उतरवतात. तिठ्यावर दिवसा पुढची सोय होते, रात्री अकराला नुसता दिव्याचा खांब असतो.

जानेवारी की मे? जानेवारी. पर्याय असेल तर विचारच करू नका. मे महिन्यात उकाडा तर असतोच, शिवाय चाकरमानी गावी आलेले असतात आणि गाड्या खच्चून भरतात. त्याहून मोठं कारण शाळा. गावाकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या पोरांवर चालतात. विद्यार्थ्यांना सवलतीचा पास, मुलींना बारावीपर्यंत मोफत, त्यामुळे सकाळ-दुपारच्या कितीतरी फेऱ्यांत अर्धी गाडी गणवेशाची असते. शाळा बंद झाली की त्या फेऱ्या बंद होतात. रविवारीही तेच, थोड्या प्रमाणात. म्हणून दापोली-रत्नागिरीच्या आडगावाला जायचं ते सोमवार ते शनिवार, आणि रविवार मुक्कामाच्या गावातच काढा. गणपतीत आणि शिमग्यात मुंबईच्या जादा गाड्यांसाठी आगारातल्या गाड्या जातात, तेव्हा गावफेऱ्यांची ओढाताण होते. पावसाळ्याचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो: किल्ल्याच्या होड्या बंद असतात, रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर सावकाश चालते आणि दरड आली की घाट बंद. आईंना घेऊन नको.

आईंचं काय झेपेल हे तुम्हीच जाणता, मी फक्त गाडीच्या बाजूने सांगतो. पहिल्या चार-पाच रांगांत बसवा, मागच्या चाकावर किंवा शेवटच्या बाकावर नको. खेड-दापोलीच्या वळणांवर पुष्कळ जणांना गाडी लागते, निघण्याआधी वडापाव न खाल्लेला बरा. ज्येष्ठांसाठी आणि महिलांसाठी राखीव आसनं असतात. त्यावर कुणी तरुण बसला असेल तर भांडू नका, कंडक्टरला सांगा, तो उठवतो. लांबच्या प्रवासात गाडी कुठे आणि किती वेळ थांबणार ते आधीच विचारून घ्या. थांब्यावर उतरताना गाडीचा शेवटचा चार आकडी नंबर पाठ करा आणि कंडक्टरला तोंडाने सांगा, "आम्ही दोघी खाली उतरतोय." स्टँडवर एकसारख्या चार लाल गाड्या उभ्या असल्या की भले भले चुकीच्या गाडीत चढतात. सामान म्हणजे प्रत्येकी एक पिशवी, गुडघ्याखाली मावेल अशी. चाकांची बॅग गावफेरीच्या गाडीत मधल्या वाटेत अडते आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिला पाय लावतो.

गाडी वाटेत बिघडली तर घाबरून रिक्षा करू नका. कंडक्टर मागून येणाऱ्या गाडीत त्याच तिकिटावर बसवून देतो. तिकीट मात्र फेकून दिलेलं नसावं.

वडापबद्दल, म्हणजे माणसं भरून धावणाऱ्या खाजगी गाड्यांबद्दल, माझं मत एकतर्फी आहे, जन्मभर एसटीचा पगार खाल्लाय. तरी प्रामाणिकपणे सांगतो, दिवसाउजेडी पाच-सात किलोमीटरसाठी, तिठ्यापासून गावापर्यंत, वडाप आणि सीटवर जाणाऱ्या रिक्षा उपयोगी पडतात, आणि मीही बसतो. घाटात, रात्री, किंवा मागे माणसं लोंबकळत असतील तर नाही. आणि गाडी नाही म्हणून सगळं एसटीनेच करायचं असा नेम धरू नका. रोजच्या खर्चात एक रिक्षा धरलेलीच बरी. किनाऱ्याला एसटीने जायचं आणि थकल्यावर यायला रिक्षा करायची, ही आईंसाठी उत्तम तडजोड आहे. भाडं बसण्याआधी ठरवा, थांबायचे तास धरून.

खर्चाचं गणित तुमच्या बाजूचं आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे दोघींचं मिळून एक पूर्ण तिकीट. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धी सवलत वेगळी आहे, पण आईंना दोन्ही सवलती एकावर एक मिळत नाहीत, अर्ध्याचं पाव होत नाही. हा वाद मी खिडकीवर पुष्कळ ऐकलाय. (पंचाहत्तरीनंतर मात्र पूर्ण मोफत, ऑगस्ट २०२२ पासून.) "आवडेल तेथे प्रवास" हा चार किंवा सात दिवसांचा पास चांगला आहे, पण तो रोज दीड-दोनशे किलोमीटर तुडवणाऱ्या माणसाला परवडतो. तुम्ही तीन ठिकाणी बसून छोट्या फेऱ्या करणार आणि तिकीट आधीच अर्धं, तुम्हाला तो महाग पडेल. वेंगुर्ल्याहून पुढे पणजीला डोकवायचा विचार आला तर लक्षात असू द्या, सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढचं भाडं पूर्ण.

तिकिटाचे पैसे आता कंडक्टरच्या मशीनवर मोबाइलनेही देता येतात, पण खाडीकाठच्या गावात रेंज जाते आणि मागे रांग ओरडायला लागते. दहा-वीसच्या नोटा आणि थोडी नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा.

आरक्षण फक्त दोन करा: जातानाची रेल्वे आणि दापोलीहून परतीची एसटी. मधलं सगळं मोकळं ठेवा, म्हणजे मालवणात आईंना आणखी एक दिवस राहावंसं वाटलं तर रत्नागिरीची एक रात्र कापता येईल. राहायच्या जागा शक्यतो स्टँडपासून चालत पाच-दहा मिनिटांवर घ्या. समुद्रासमोरची खोली फोटोत झकास दिसते, पण पहाटेची गाडी पकडायला तिथून रिक्षा मिळत नाही. तारखा ठरल्या की कळवा, आणि मालवणात नक्की कुठे उतरणार तेही लिहा, मग तिथून देवगडला जायचा दिवस कसा लावायचा ते सांगतो.